दोन इंच लांब सायकल

सायकलची घडी कुठे घालायची यावरून टेलरबाईंच्या घरात तीन रविवार वाद झाला. सायकल तेव्हा कागदावरच होती.

"मध्ये घालायची," मिलिमीटर म्हणाले.

"मध्ये म्हणजे सीटखालीच ना? तिथे तर तुम्ही बसणार."

"म्हणूनच तर."

"अहो, चादरीत माणूस झोपलेला असताना चादरीची घडी घालतं का कुणी?"

"माणूस उठल्यावरच घालायची आहे. माणूस असताना घडी पडणारच नाही, अशी सोय केलीय मी." मिलिमीटरांनी पेन्सिल कानावर खोचली आणि नकाशा बायकोकडे फिरवला. "ही बिजागरी. तिच्यात ही खिट्टी. सीटवर वजन आलं की खिट्टी भोकात जाते, बिजागरी घट्ट. वजन गेलं की स्प्रिंग खिट्टी बाहेर ओढते, बिजागरी मोकळी. कळलं?"

टेलरबाईंना कळलं होतं. पण तीन रविवारांत नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं होतं ते त्यांना आणखी थोडं बघायचं होतं, म्हणून त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा."

मिलिमीटर हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. पंपाच्या सुट्या भागांचे नकाशे काढता काढता त्यांना सगळं जग मोजायची सवय लागली होती. जेवणाच्या सुट्टीत कुणी पोळीचा तुकडा तोडला तरी तो किती मिलिमीटरचा हे ते सांगत. नाव तिथे पडलं आणि त्यांच्यामागून घरी आलं. बाईंचं नाव मात्र त्यांच्या स्वतःच्या दारावरच्या पाटीने घालवलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, लेडीज टेलर. सव्वीस वर्षांत त्यांनी शिवलेला एकही कपडा माप चुकलं म्हणून परत आला नव्हता, आणि ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत, कारण ती सगळ्यांना माहीत आहे अशी त्यांची खात्री होती.

आडव्या सायकलचं खूळ डॉक्टरांमुळे शिरलं. मिलिमीटर तीस वर्षं सायकलने कारखान्यात जात. पाठ धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सायकल बंद. आडवं पडून चालवता आली तर खुशाल चालवा." डॉक्टरांनी हे हसत हसत सांगितलं होतं, पण मिलिमीटरांना विनोद समजायला पंधरा दिवस लागत, आणि तेवढ्या वेळात त्यांचा अर्धा नकाशा काढून झाला होता. आरामखुर्चीसारखं टेकायचं, पाय पुढे लांब करायचे, पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे.

घडीची कल्पना आली ती सोसायटीच्या सेक्रेटरींमुळे. त्यांनी नियम काढला होता की चाक असलेली कोणतीही वस्तू पॅसेजमध्ये ठेवायची नाही. म्हणजे सायकल तिसऱ्या मजल्यावर, घरात, शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामधल्या फटीत मावायला हवी.

तिसरं एक कारण होतं, ते मिलिमीटर बोलले नव्हते. कारखान्यात कॉम्प्युटर आल्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून नकाशे कॉम्प्युटर काढायचा आणि मिलिमीटर त्यांच्यावर नंबर घालून शिक्का मारून फायलीत लावायचे. अकरा वर्षांत त्यांच्या हातची एकही रेघ लोखंडात उतरली नव्हती. जेवताना ते ओल्या बोटाने टेबलावर काहीतरी आखत बसत, आणि टेलरबाई ताट उचलून टेबल पुसायच्या आधी ते वाळायची वाट बघत. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. आपण काढलेली एक वस्तू चालताना बघायची, एवढंच त्यांना हवं होतं.

आता माप. सीटच्या पाठीपासून पेडलपर्यंत किती अंतर ठेवायचं हे चालवणाऱ्याच्या पायावर ठरतं, आणि स्वतःचा पाय स्वतःला मोजता येत नाही. मिलिमीटर भिंतीला टेकून, पाय लांब करून जमिनीवर बसले. टेलरबाईंनी टेप लावली, पार टाचेपर्यंत नेली, चष्मा वर करून आकडा वाचला आणि वेगळाच सांगितला.

"बेचाळीस इंच."

त्यांचा इलाज नव्हता. मापाला थोडी माया धरायची, शिवणीत कापड जास्तीचं ठेवायचं, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की खरा आकडा त्यांच्या तोंडून निघतच नसे. घट्ट झालेला कपडा फाटतो, सैल झालेला आत घेता येतो. लोखंड आत घेता येतं का, हा विचार त्यांच्या मनात आला खरा, पण तोवर मिलिमीटरांनी वहीत काहीतरी लिहून वही मिटलीही होती.

समोरच्या गल्लीत खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा वेल्डर होता. त्याने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "भाऊ, ही खुर्ची आहे की खाट?"

"सायकल आहे."

"बरं. ज्याची त्याची सायकल." आणि तो कामाला लागला.

महिन्याभरात सायकल उभी राहिली, म्हणजे खरं तर आडवी राहिली. सीटचं जाड कापड टेलरबाईंनी तिहेरी टाके घालून शिवलं. आडव्या सायकलवर पाय पेडलवरून खाली घसरतात म्हणून बूट पेडलला बांधायला पट्टे शिवले. रस्त्यात कुणाच्या नजरेला पडावी म्हणून मागे उंच काठीवर अस्तराच्या गुलाबी कापडाचं निशाण लावलं. घडी घातली की दोन्ही चाकं वर येऊन एकमेकांना भेटत आणि मध्ये सीट राही. मिलिमीटरांनी बिजागरीला दुसरं भोकही पाडलं होतं, म्हणजे घडी घातलेल्या सायकलवर कुणी बसलं तर खिट्टी त्या भोकात जाई आणि घडी उलगडत नसे.

"लिफ्टची वाट बघताना बसायला," त्यांनी समजावलं.

चाकं दिसू नयेत म्हणून टेलरबाईंनी वर खोळ घातली. त्याच संध्याकाळी सेक्रेटरी पाहणीला आले.

"वहिनी, तुमच्याकडे सायकल आल्याचं कानावर आलंय."

"बसा ना," टेलरबाई म्हणाल्या.

सेक्रेटरी बसले. त्यांनी चहा घेतला, पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार केली, दोनदा इकडेतिकडे नजर फिरवली आणि गेले. ते वजनाने चांगलेच भरीव होते. खिट्टी तसूभर हलली नाही. दार लागल्यावर मिलिमीटर खोळीवरून हात फिरवत म्हणाले, "बघितलंस? वजन असेपर्यंत उघडणं शक्यच नाही."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते सोमवारी कळायचं होतं.

रविवारी मैदानावर वेल्डरसमोर पहिली फेरी झाली. मिलिमीटर टेकले, पाय लांब केले, आणि पाय पेडलपर्यंत पोचेनात. बोटं टेकत होती, टाच नाही. ते उठले आणि पट्टी घेऊन लोखंड मोजलं.

"एक हजार सोळा मिलिमीटर. अगदी नकाशाप्रमाणे आहे," ते म्हणाले. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. "म्हणजे चूक पायांत असणार."

टेलरबाई निशाणाची काठी उगाच सरळ करायला लागल्या.

"वयाने माणूस आखडतो," मिलिमीटर पुढे म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते, मणके दबतात."

"मणके पायात कुठे असतात?" वेल्डरने विचारलं.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण वेल्डर समोर होता, त्याची बायको ब्लाउज शिवायला टेलरबाईंकडेच टाकायची, आणि सव्वीस वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत. शिवाय मिलिमीटरांनी तोवर उपाय शोधलाही होता. सीटवर जरा पुढे घसरून बसलं की पाय पोचत. फक्त डोकं खाली जाई, त्यामुळे रस्त्याऐवजी आभाळ दिसे.

"सवय होईल," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "कुणाला दाखवायला नाही जात मी," असं न विचारताच सांगितलं आणि कारखान्याचे साहेब नऊला पाच कमी असताना गेटवर येतात म्हणून सव्वाआठलाच निघाले. वेल्डरला आपली कामगिरी बघायची होती आणि टेलरबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून वेल्डरच्या स्कूटरवर मागे बसून त्याही निघाल्या.

सायकल धावत होती, हे मान्य करायला हवं. छान, मऊ, आवाज न करता धावत होती. फक्त मिलिमीटर तिच्यावर इतके खाली घसरले होते की लांबून नुसतं निशाण चाललेलं दिसे.

"अहो, डावीकडे घ्या," टेलरबाई मागून सांगत. "खड्डा आहे. अहो, पुढे सिग्नल आहे."

"कुठला आहे?"

"लाल."

सिग्नलला एक बाई खाली वाकून बघून म्हणाली, "आजोबा, बरं वाटत नाहीये का? कुठल्या हॉस्पिटलला नेताय हो यांना?"

"कामावर चाललोय," मिलिमीटर आभाळाकडे बघत म्हणाले.

"अशा अवस्थेत?" बाईने टेलरबाईंकडे असं बघितलं की त्यांनी मान फिरवली.

कारखान्याच्या गेटपुढे बरोब्बर एक गतिरोधक होता. तो मिलिमीटरांना दिसला नाही आणि टेलरबाईंना दिसला तेव्हा उशीर झाला होता. पुढचं चाक त्यावर चढलं. सीटच्या कडेवर कसेबसे टेकलेले मिलिमीटर चार बोटं वर उडाले. सीटला वाटलं, माणूस उतरला. खिट्टी सुटली. बिजागरी मोकळी झाली, सायकलचा मध्य खाली बसला, पुढचा भाग आणि मागचा भाग वर आले, आणि मिलिमीटर त्या सगळ्याच्या आत, घडीत, सीटवर परत आदळले. वजन आलं. खिट्टी दुसऱ्या भोकात गेली. टक.

सगळं थांबलं तेव्हा त्यांचे गुडघे कानांपाशी होते, हात गुडघ्यांखाली होते आणि पट्ट्यांची बकलं पेडल आणि सीटची पाठ यांच्यामध्ये चेपून बसली होती. डोळ्यांवरचा चष्मा मात्र सरळ होता.

"लागलं का हो?" टेलरबाई धावत आल्या.

"नाही. खिट्टीचा आवाज ऐकलास? दुसऱ्या भोकात बसली."

"आधी उठा."

मिलिमीटरांनी थोडा विचार केला. "उठता येणार नाही. घडी उलगडल्याशिवाय मला उठता येणार नाही. आणि मी उठल्याशिवाय घडी उलगडणार नाही."

वेल्डरने आणि वॉचमनने त्यांना काखेत धरून उचलायचा प्रयत्न केला. मिलिमीटर उचलले गेले, पण त्यांच्याबरोबर सायकलही उचलली गेली. दोघांनी त्यांना खाली ठेवलं. वॉचमन कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "वहिनी, यांची एंट्री काय करू? कामगार आत आला म्हणून की सामान आलं म्हणून?"

"गेटच्या बाहेर आहेत अजून."

"तेच तर. बाहेर आहेत पण गेट अडवलंय."

गेटबाहेर तोवर पाण्याचा टँकर येऊन थांबला होता. टँकरमागे सामानाची गाडी. वेल्डरने घड्याळ बघितलं.

"भाऊ, ग्राइंडर घेऊन येतो. बिजागरी कापतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"बिजागरीला हात लावायचा नाही," मिलिमीटर गुडघ्यांमधून म्हणाले.

"मग पट्टे कापतो."

"सीट हलल्याशिवाय पट्टे दिसायचेसुद्धा नाहीत. आणि कापून सुटलो तर काय राहिलं? लोक म्हणतील, यांनी काढलेली वस्तू कापावी लागली." त्यांनी डोळे मिटले. "मी बसतो असाच. काहीतरी सुचेल."

टेलरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. कडक इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांच्या कानापर्यंत चढली होती. इतक्यात टँकरच्या मागून हॉर्न वाजला आणि साहेबांची गाडी आली. साहेब खाली उतरले, चालत पुढे आले आणि घडीसमोर उभे राहिले.

"गुड मॉर्निंग सर," घडी म्हणाली.

"फायलिंगचे ना तुम्ही?" साहेबांनी वाकून विचारलं.

"ड्राफ्ट्समन," मिलिमीटर म्हणाले. आवाज बारीक होता, पण दुरुस्ती त्यांनी सोडली नाही.

टेलरबाईंना कॉलर दिसत होती आणि कॉलर म्हटलं की त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येई. कॉलर उलट्या बाजूने शिवतात. शिवून झाली की आतली बाहेर, खालची वर करून उलटवतात, तेव्हा ती सरळ होते. त्यांनी विचारलं, "अहो, वजन सीटवर आहे म्हणून खिट्टी सुटत नाही ना?"

"हो."

"तुम्हाला उलटं केलं तर वजन कुठे जाईल?"

घडीतले गुडघे जरा हलले. मग आतून आवाज आला, "माझ्या डोक्यावर."

"मग करा उलटं."

वेल्डरने एक चाक धरलं, वॉचमनने दुसरं. टँकरचा ड्रायव्हर उतरून आला. चौथा माणूस हवा होता आणि सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी बाह्या वर केल्या. टेलरबाईंनी आपली कापडाची पिशवी जमिनीवर ठेवली, नवऱ्याचा चष्मा काढून घेतला आणि डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "हळूच. मान सांभाळा. तुमच्या बाजूला, साहेब, जरा वर."

आणि नऊच्या ठोक्याला, कारखान्याच्या गेटसमोर, साहेबांच्या देखत मिलिमीटर उलटे झाले. खिशातून पेन्सिल पडली, पट्टी पडली, जेवणाचा डबा गडगडत टँकरखाली गेला. मग स्प्रिंगने खिट्टी ओढली. टक. बिजागरी मोकळी झाली, दोन्ही चाकं अलगद दोन बाजूंना गेली, पट्ट्यांची बकलं दिसायला लागली. टेलरबाईंनी ती सोडली आणि मिलिमीटर पिशवीवर कोसळले. त्यांचा चेहरा लालभडक होता आणि त्यावर टेलरबाईंनी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता असा आनंद होता.

"चाललं," ते म्हणाले. "उलटंसुद्धा चाललं."

साहेब सायकलपाशी उकिडवे बसले. तळव्याने सीट दाबली. टक. सोडली. टक. पुन्हा दाबली.

"हे तुम्ही काढलंत?"

"हो सर."

"मग बंद का पडली?"

मिलिमीटरांचा चेहरा उतरला. ते तोंड उघडणार तोच टेलरबाई मध्ये आल्या. त्यांनी एकदा वेल्डरकडे बघितलं, म्हणजे त्याच्या बायकोकडे, म्हणजे सगळ्या गल्लीकडे, आणि म्हणाल्या, "माप माझं चुकलं. यांच्या नकाशात काही खोट नाही. मी माप वाढवून सांगितलं, म्हणून यांना घसरून बसावं लागलं."

"अगं, ते मला माहीत होतं," मिलिमीटर म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तू दोन इंच वाढवून सांगतेस. सव्वीस वर्षं सांगतेस. पडद्याच्या दांड्या आठव, दोन इंच लांब आल्या होत्या. म्हणून मी वहीत दोन कमी करून लिहिलं. बेचाळीसचे चाळीस, म्हणजे एक हजार सोळा मिलिमीटर. तुझी चूक मी धरलीच होती, तेव्हा चूक तुझी नाही, माझी आहे."

टेलरबाई पायांकडे बघायला लागल्या.

"दोन नाही वाढवले," त्या म्हणाल्या. "चार वाढवले."

"चार? चार कशाला?"

"तुम्ही दोन कमी करता म्हणून."

टँकरच्या ड्रायव्हरला ठसका लागला. मिलिमीटर अजूनही जमिनीवरच होते. "म्हणजे तुला माहीत होतं, मला माहीत आहे म्हणून?"

"मग? मला काय दिसत नाही तुम्ही वहीत काय लिहिता ते?"

"तरी चूक माझीच. मी कमीच करायला नको होते."

"तुमची कशी? वाढवले कुणी?"

"ए, ऐक जरा."

"तुम्ही ऐका."

वॉचमनच्या बारा वर्षांच्या नोकरीत गेटवर पुष्कळ भांडणं झाली होती, पण दोन्ही माणसं चूक आपल्याकडे ओढतायत असं भांडण त्याने बघितलं नव्हतं. त्याने शेवटी टेलरबाईंच्या पिशवीतून टेप काढली, मिलिमीटरांना गेटच्या भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतः मोजलं. "अडतीस," तो मोठ्याने म्हणाला. "ना एक कमी, ना एक जास्त. लिहा, आणि गेट मोकळं करा."

साहेब हात झटकत उठले. गाडीकडे जाता जाता थांबले. "उद्या नकाशा घेऊन या," ते मिलिमीटरांना म्हणाले. "मला बघायचाय."

मिलिमीटर भिंतीपासून उठले. त्यांनी पट्टी उचलली, पुसली आणि बराच वेळ खिशात घालत राहिले. टेलरबाई तोपर्यंत टँकरखालून डबा काढायच्या निमित्ताने तोंड फिरवून बसल्या.

वेल्डरने दोन इंच कापून पुन्हा जोडलं. पुढच्या सोमवारी मिलिमीटर एकटे गेले आणि संध्याकाळी सहाला एकटे परत आले. दारातच म्हणाले, "काही झालं नाही." हात धुताना म्हणाले, "काहीसुद्धा झालं नाही. गतिरोधकावरसुद्धा नाही." जेवताना तिसऱ्यांदा म्हणाले, आणि मग टेबलावर ओलं बोट फिरवायला लागले. टेलरबाईंनी बघितलं तर या वेळी सीटा दोन होत्या.

"ही कुणाला?"

"तुला. रविवारी जात जाऊ कुठेतरी." त्यांनी मशीनवरची टेप उचलली. "आता सीटवरून कुणी उडायला नको म्हणून कंबरेला पट्टा ठेवणार आहे. उभी राहा. खरं माप हवं."

टेलरबाई उभ्या राहिल्या. अख्ख्या गल्लीच्या कंबरा त्यांनी मोजल्या होत्या. त्यांची कुणी मोजली नव्हती. टेप गार होती. मिलिमीटरांनी ती गोल फिरवून पुढे आणली, आकडा बघितला, बायकोकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे बघितलं.

"श्वास सोड."

सोडलाय, अशा अर्थाने टेलरबाईंनी मान हलवली.

मिलिमीटरांनी वही घेतली, बायकोकडे पाठ केली आणि आकडा लिहिला. त्यात दोन मिळवले. मग जरा थांबून आणखी एक. गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या मोठ्या आरशात टेलरबाईंना सगळं दिसत होतं. पण त्या काही बोलल्या नाहीत. श्वास धरलेला असताना बोलता येत नाही.